सोलापुरातल्या सात रस्त्याजवळचा एपीआयचा क्लास: बारा आठवडे करून मग लिहितेय

एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या प्रोग्रॅमकडे (त्याला सर्व्हिस म्हणतात) काम किंवा माहिती मागायची ठरलेली पद्धत, हा क्लास त्याचाच. आधी फी सांगते, कारण भेटेल तो पहिल्यांदा तेच विचारतो. साडेनऊ हजार, दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता सहाव्या आठवड्यानंतर. बारा आठवडे, शनिवार-रविवार संध्याकाळी ६ ते साडेआठ, आणि साडेआठ म्हणजे बऱ्याचदा सव्वानऊ. आमच्या बॅचला मध्ये गड्ड्याच्या यात्रेची (म्हणजे आमची सिद्धेश्वरांची यात्रा) एक आठवडा सुट्टी होती, त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला चालू झालेला क्लास मार्च संपता संपता संपला. सात रस्त्यावरून थोडं आत गेलं की एका मेडिकलच्या वर दुसरा मजला, लिफ्ट नाही. क्लासचं नाव इथे टाकत नाही कारण सरच म्हणाले की नको, एका वेळी १४ च्या वर पोरं घेत नाही आणि फोन उचलायला माणूस नाही. सोलापुरात कॉम्प्युटर शिकणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, पत्ता देईल.

मी बीसीए केलंय, इथेच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत काकांचा टॉवेलचा कारखाना आहे, तिथलं कॉम्प्युटरचं सगळं काम गेली तीन वर्षं मी बघते, म्हणजे स्टॉक, बिलं, ऑनलाइन आलेल्या ऑर्डरी, सगळं. त्याआधी पुण्यात चार महिने एक मोठा कोर्स केला होता, फी याच्या सहापट, नाव नको. तिथे फ्रेमवर्कमध्ये (म्हणजे कोडच्या तयार सांगाड्यात) कुठल्या फाइलीत काय टाइप करायचं ते शिकले, प्रोजेक्ट चालला, सर्टिफिकेट मिळालं, आणि मला खरंच वाटलं की आपल्याला एपीआय येतात. मग घरच्याच कामाला हात घातला आणि जे झालं त्यामुळेच या क्लासला गेले, म्हणून ते आधी सांगते.

आमच्याकडे कुरिअरचं बुकिंग मी हाताने करायचे, एकेक पत्ता त्यांच्या वेबसाइटवर टाकत बसायचं. त्या कुरिअर कंपनीचा एपीआय आहे असं कळलं तेव्हा मी पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला: ऑर्डर उचल, त्यांच्या सर्व्हिसला पाठव, उत्तरात आलेला पावती नंबर आपल्या शीटमध्ये लिही, पाच सेकंदांत उत्तर नाही आलं तर परत पाठव. चार दिवस सुरेख चाललं. पाचव्या दिवशी दुपारी त्यांचा सर्व्हर स्लो झाला. माझी रिक्वेस्ट तिकडे पोचत होती, बुकिंग होत होतं, पण उत्तर यायच्या आत माझे पाच सेकंद संपत होते, आणि माझा प्रोग्रॅम समजत होता की कामच झालं नाही, पाठव परत. संध्याकाळी टेम्पोवाला यादी घेऊन दारात. त्याच्याकडे ३१ पार्सल, आमच्याकडे बांधलेली १८. काका यादी बघून म्हणाले, "अठराच बांधलेत की पोरी, हे तेरा कुठनं आले?" मला उत्तर देता आलं नाही. त्या तेरांचे पैसे कापले गेले ते परत मिळवायला दीड महिना मेल लिहीत बसले. काका रागावले नाहीत, पण मला रात्री झोप लागेना, कारण कोड दहा वेळा वाचला तरी चूक दिसत नव्हती. चालत तर होता ना.

चौकशीला गेले तेव्हा सरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. एवढंच म्हणाले, "सातव्या आठवड्यात कळेल. तोवर ती परत पाठवायची ओळ काढून टाक." मी त्याच रात्री काढली.

आता शिकवण्याबद्दल. पहिले सहा आठवडे स्वतःची सर्व्हिस बनवायचीच नाही, फक्त दुसऱ्यांच्या वापरायच्या, हा त्यांचा नियम. मला पहिल्यांदा हे उलटं वाटलं, कारण सगळीकडे आधी बनवायला शिकवतात. आता वाटतं हेच बरोबर आहे. दुसऱ्याने वाईट बनवलेल्या सर्व्हिसचा त्रास भोगला नसेल तर आपणही तशीच बनवतो, आणि आपल्याला ते कळतसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी फ्रेमवर्क नाही, पोस्टमन (रिक्वेस्ट पाठवायचं तयार ॲप) नाही, ब्राउझरही नाही. टर्मिनल उघडायचं, सरांच्या लॅपटॉपला पोर्ट ८० वर टेलनेटने (दुसऱ्या कॉम्प्युटरशी थेट टाइप करून बोलायचा जुना प्रोग्रॅम) जोडायचं आणि एचटीटीपीची (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात ते) रिक्वेस्ट हाताने टाइप करायची. पहिल्या ओळीत गेट (GET, म्हणजे दे), मग पाथ (म्हणजे काय हवं त्याचा पत्ता), मग एचटीटीपी १.१. दुसऱ्या ओळीत होस्ट. मग एंटर. आणि काही होईना. माझ्या शेजारी पूर्व भागातला एक मुलगा बसायचा, घरी तेलुगू बोलणारा, तो म्हणाला, "काय करूलालंय बे हे, हँग झालं का." सगळे स्क्रीनकडे बघत बसलो, सर मागे हात बांधून उभे. दोन मिनिटांनी म्हणाले, "तुम्ही सर्व्हरची वाट बघताय आणि सर्व्हर तुमची. तुमचं बोलणं संपलं हे त्याला सांगितलंच नाही कुणी." हेडर, म्हणजे या वरच्या माहितीच्या ओळी, संपले हे सांगायला एक रिकामी ओळ लागते. परत एंटर मारला आणि धाडकन सगळं आलं, २०० ओके (म्हणजे काम झालं), कंटेंट टाइप, तारीख आणि खाली डेटा. चार महिने पुण्यात घालवून मला हे माहीत नव्हतं की हे सगळं खाली साधं मजकुराचं पत्र आहे, पाकिटावरचा पत्ता वर, मग एक मोकळी ओळ, मग मजकूर. त्यानंतर कुठलाही एरर आला की मी आधी कर्लला (टर्मिनलमधून रिक्वेस्ट पाठवायचा प्रोग्रॅम) मायनस व्ही लावून खरं काय गेलं आणि खरं काय आलं ते बघते, आणि निम्मे एरर तिथेच कळतात.

दुसऱ्या आठवड्यातलं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. सरांनी एक दहा ओळींचा सर्व्हर लिहायला लावला, सॉकेट (दोन प्रोग्रॅममधली थेट जोडणी) उघडून, फक्त गावाचं नाव परत पाठवणारा. (सहा आठवडे बनवायचं नाही म्हणाले होते, पण हा अपवाद, आतलं कळावं म्हणून.) मी "सोलापूर" पाठवलं आणि समोर आलं "सो" आणि पुढे एक तुटका चौकोन. परत चालवलं, परत "सो". मला वाटलं फॉन्ट बिघडला. सर आले, त्यांनी मला बोटावर मोजायला लावलं: स, ओकार, ल, काना, प, ऊकार, र. सात. मी कंटेंट लेंग्थच्या, म्हणजे मजकूर केवढा ते सांगणाऱ्या, हेडरमध्ये सातच लिहिलं होतं. पण तिथे अक्षरं मोजायची नसतात, बाइट मोजायचे असतात, आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे एकवीस. मी समोरच्याला सांगितलं सातच वाच, त्याने सात वाचले, स चे तीन, ओकाराचे तीन आणि ल चा पहिला एक, म्हणून तो तुटका चौकोन. इंग्रजीत "हॅलो" पाठवलं असतं तर हे आयुष्यात कळलं नसतं, कारण तिथे एका अक्षराला एकच बाइट. आपल्या भाषेतला डेटा पाठवून शिकल्याचा हा फायदा, आणि मराठीतून शिकवणं म्हणजे नुसतं मराठीत बोलणं नाही हे मला त्या दिवशी पटलं.

असंच जेसनचं (JSON, सर्व्हिस ज्या मांडणीत डेटा पाठवतात ती). सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७. नंबर म्हणून साठवला की पुढचा शून्य गायब, २१७ उरतं. फोन, पिनकोड हे दिसायला आकडे असले तरी मजकूर म्हणूनच ठेवायचे, कारण त्यांची बेरीज आपण कधी करणार नाही. उलट रुपयांची बेरीज होते, तर त्यांचे पैसे करून (रुपयाचे शंभर) पूर्णांकात ठेवायचे, कारण दशांशात ०.१ अधिक ०.२ केलं की शेवटी कुठेतरी ४ येऊन बसतो. आणि वेळ. आपली वेळ यूटीसीच्या (जगाची प्रमाण वेळ) साडेपाच तास पुढे, म्हणजे रात्री १२ ते साडेपाचच्या मधली प्रत्येक ऑर्डर तिकडच्या सर्व्हरवर आदल्या दिवशीची दिसते. आमच्या कारखान्यात सणाच्या दिवसांत रोजची बेरीज जुळायची नाही आणि मी दर वेळी हाताने जुळवायचे, त्याचं कारण हेच निघालं. वर्गातच डोक्याला हात लावला.

कांद्याचा प्रोजेक्टही आवडला. सरकारचं डेटा डॉट गव्ह डॉट इन नावाचं पोर्टल आहे, तिथे बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयने मिळतात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण, क्विंटलमागे रुपयांत. रजिस्टर करून फुकट की (आपली ओळख पटवणारा गुप्त कोड) मिळते. सोलापूरचा कांदा बाजार केवढा आहे हे वेगळं सांगायला नको. आमच्या बॅचमधल्या मोहोळच्या एका मुलाच्या घरी कांदाच असतो, त्याने वडिलांच्या फोनवर रोज भाव जाईल असं केलं. दुसऱ्याच दिवशी वडिलांचा प्रश्न, "हा आजचा हाय का कालचा?" आणि त्याच्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्याने भाव घेतला होता, भावाची तारीख घेतलीच नव्हती. मग तारीख घ्यायला गेला तर ती दिवस-महिना-वर्ष अशी येते, आणि मजकूर म्हणून क्रमाने लावली की १ डिसेंबर हा २ नोव्हेंबरच्या आधी येऊन बसतो. म्हणून वर्ष-महिना-दिवस अशी लिहायची, याच पद्धतीला आयएसओ ८६०१ म्हणतात, मग साधं सॉर्टिंगसुद्धा बरोबर लागतं. हे पुस्तकात एका ओळीत असतं, पण त्याच्या वडिलांचा तो प्रश्न आमच्या चौदाही जणांच्या लक्षात राहिलाय.

आता या क्लासची सगळ्यात भारी गोष्ट. सरांनी एक सर्व्हिस मुद्दाम वाईट बनवलीय. तिचं नाव "नळ". सोलापूरकरांना नाव का ते सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं, कधी पहाटे कधी रात्री, आणि आलं तर किती वेळ टिकेल ते त्या दिवशीच कळतं. ही सर्व्हिस तशीच. कधी लगेच उत्तर देते, कधी १२ सेकंद गप्प बसते, कधी ५०३ (आत्ता बंद आहे), कधी ४२९ (फार वेळा विचारताय) देऊन सांगते की इतक्या सेकंदांनी या, कधी जेसन अर्ध्यातच तोडते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कधी २०० देऊन आत लिहिते "फेल". हे शेवटचं मला आधी खोटं वाटलं होतं, असं कोण करेल, पण नंतर एका खऱ्या एसएमएस सर्व्हिसमध्ये अगदी हेच बघितलं. काम असं: नळाकडून १०० भाव आणायचे, सगळे बरोबर, एकही दोनदा नाही, आणि प्रोग्रॅम मध्येच मरता कामा नये.

पहिल्या फेरीत चौदातले अकरा प्रोग्रॅम पहिल्या पाच मिनिटांत पडले. काहींचे पडले पण नाहीत, नुसते अडकून राहिले, कारण पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट बघायची ती मर्यादा, आपण दिला नाही तर तो नसतोच, ती बिचारी दिवसभर वाट बघत बसेल. सगळ्यांनी टाइमआउट टाकला, परत पाठवण्याचं टाकलं, एक सेकंदाने, मग दोन, मग चार, मग आठ, आणि परत सगळं ठप्प. कारण चौदा जणांचे प्रोग्रॅम एकदमच पडले होते आणि एकदमच उठून एकाच ठोक्याला परत पाठवत होते. सर म्हणाले, पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच मिनिटाला मोटर लावली तर कुणाच्या टाकीत चढतं का? मग प्रत्येकाने थांबायच्या वेळेत थोडी आपापली आकस्मिक भर घालायची, कुणी १.३ सेकंद, कुणी १.८, आणि गंमत म्हणजे दहा मिनिटांत जवळपास सगळ्यांचे शंभर पूर्ण झाले. कॅशही (एकदा आणलेलं उत्तर साठवून वापरणं) तिथेच शिकलो. पिंप भरून ठेवायचं, पण भरलेलं किती दिवस वापरायचं ते ठरवून ठेवायचं. आणि ४०४ किंवा ४०० आला तर परत परत विचारायचं नाही, चूक आपली आहे, पाचशेच्या घरातला आला तर त्यांची आहे, थांबून विचारायचं. हे मी आता काकांनासुद्धा समजावून सांगू शकते.

आणि सातवा आठवडा. मी वाटच बघत होते.

सरांनी एका चिठ्ठीवर "चौदा चहा" लिहिलं आणि एकाला खाली टपरीवर पाठवलं. पाच मिनिटं झाली, तो आला नाही. सरांनी तसलीच दुसरी चिठ्ठी लिहून दुसऱ्याला पाठवलं. (पहिल्याला सरांनीच खाली थांबायला सांगितलं होतं ते नंतर कळलं.) थोड्या वेळाने टपरीवरचे मामा दोन ट्रे घेऊन वर आले, अठ्ठावीस कप. प्यायलो सगळ्यांनी दोन-दोन. मग सरांनी फळ्यावर लिहिलं की पोऱ्या परत आला नाही याचे अर्थ किती? चिठ्ठी पोचलीच नसेल. पोचली असेल आणि चहा उकळत असेल. चहा तयार असेल आणि पोऱ्या जिन्यात अडकला असेल. वरून बघणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसतात. "उत्तर आलं नाही" आणि "काम झालं नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला तेवढ्यातच माझी तेरा पार्सलं दिसली, अगदी टेम्पोवाल्याच्या यादीसकट.

पुढच्या रविवारी चिठ्ठीवर नंबर होता, चिठ्ठी ७. दुसरा मुलगा तीच सात नंबरची घेऊन गेला तेव्हा मामा म्हणाले, "ही मघाचीच की, होऊलालंय, थांब." तेवढाच फरक. त्याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. गेट (दे), पुट (हे इथे ठेव), डिलीट (काढून टाक) हे एकदा केले काय आणि तीनदा केले काय, शेवटी सर्व्हरवरची स्थिती तीच राहायला हवी असा एचटीटीपीचा करारच आहे, पोस्टचा (नवीन काम कर) मात्र तसा नाही, म्हणून पोस्टसोबत आपण नंबर द्यायचा आणि समोरच्याने तो नंबर लक्षात ठेवायचा. आपल्याकडच्या जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसमध्ये हे मुळातच आहे हेही तेव्हाच कळलं. आयआरएन हा ६४ अक्षरांचा नंबर विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर यांवरूनच तयार होतो, त्यामुळे तेच बिल दुसऱ्यांदा पाठवलं तर दुसरा नंबर तयार होत नाही, ड्युप्लिकेट म्हणून परत येतं. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ते बंधनकारक आहे, म्हणजे सोलापुरातल्या बऱ्याच कारखान्यांत हा नंबर रोज छापला जातो, पण तो असा का याचा विचार मी तरी कधी केला नव्हता.

घरी जाऊन त्या कुरिअरचं डॉक्युमेंट परत उघडलं. तिसऱ्या पानावर एक रकाना होता, रेफरन्स नंबर, ऐच्छिक. खाली बारीक लिहिलेलं, हाच नंबर परत आला तर जुनाच पावती नंबर परत मिळेल. मी तो रकाना रिकामा सोडला होता, ऐच्छिक म्हणून.

नवव्या आठवड्यात हीच गोष्ट बनवणाऱ्याच्या बाजूने केली. माझी टॉवेल स्टॉकची सर्व्हिस, त्यात ऑर्डर घेताना आधी बघायचं हा नंबर आलाय का, नसेल तर लिहायचं. सरांनी एकाच क्षणी दोन रिक्वेस्ट सोडल्या आणि दोन्ही आत शिरल्या, कारण दोघींनी बघितलं तेव्हा नंबर नव्हताच. बघणं आणि लिहिणं यांच्यात फट राहते. ती फट आपल्या कोडने नाही, डेटाबेसच्या युनिक नियमाने (तोच नंबर दोनदा लिहूच न देणाऱ्या) बुजवायची. हे शिकायला एक अख्खी संध्याकाळ गेली, पण वर्थ होतं.

बनवण्याच्या भागातला दुसरा चांगला प्रकार म्हणजे अदलाबदल. तुम्ही सर्व्हिस बनवायची, तिची माहिती लिहायची, आणि शेजारच्याने ती वापरायची, तोंडाने एकही प्रश्न विचारायचा नाही, फक्त चिठ्ठीवर. जितक्या चिठ्ठ्या तितके मार्क कमी. माझ्याकडे माझ्या शेजाऱ्याच्या नऊ चिठ्ठ्या आल्या. पहिलीच: "रुंदी ३० म्हणजे ३० काय?" मी जन्मापासून टॉवेल इंचात ऐकत आलेय, तीस बाय साठ, मला कधी वाटलंच नाही की लिहायला हवं. त्याने सेंटिमीटर धरून पूर्ण पॅकिंगचा हिशोब केला होता. आता माझ्या रकान्याच्या नावातच इंच असतं. त्याच्या सर्व्हिसवर मी सहा चिठ्ठ्या पाठवल्या, त्यातली एक होती की "स्टेटस ३" म्हणजे काय, तर त्याने म्हणे ३ म्हणजे रद्द असं मनात धरलं होतं. आम्ही दोघं त्या दिवशी जिन्यात उभं राहून अर्धा तास एकमेकांना सर्व्हिस समजावून सांगत होतो आणि सर दिवे बंद करून कुलूप घेऊन मागे उभे.

पाथ कसे रचायचे हे सरांनी पिनकोडवरून सांगितलं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि त्यामागचा माणूस आपलाच, श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे कवीसुद्धा. सहा आकडे, मोठ्याकडून छोट्याकडे: पहिला विभाग, पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. सोलापूर ४१३००१, पंढरपूर ४१३३०४, अक्कलकोट ४१३२१६, वाचणाऱ्याला अर्धवट माहिती असली तरी कुठे जायचं ते कळतं. आपला पाथही तसा असावा, आधी ग्राहक, मग त्याच्या ऑर्डरी, मग ती एक ऑर्डर. रेस्ट (REST, एपीआय रचायची ही पद्धत) ही कल्पना रॉय फील्डिंग यांनी २००० साली पीएचडीच्या प्रबंधात मांडली हेही सांगितलं, पण त्यावर वेळ घालवला नाही, आणि ते बरंच झालं. सोपचा (SOAP, सर्व्हिसशी बोलायची जुनी पद्धत) एक दिवस होता, एक्सएमएलचं पाकीट, डब्ल्यूएसडीएल वगैरे. अर्धा वर्ग जांभया देत होता. मी मात्र सांगते, तो दिवस चुकवू नका, जुन्या मोठ्या सिस्टीममध्ये अजून हेच चालतं आणि माझ्या मैत्रिणीला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हेच हातात पडलं.

आता जे पटलं नाही ते. सिक्युरिटी फार घाईत. ओऑथ २.० आणि जेडब्ल्यूटी (कोणाला आत घ्यायचं ते ठरवायच्या पद्धती) एकाच रविवारी उरकलं, माझ्या वहीतलं त्या दिवसाचं पान मलाच लागत नाही, याला किमान दोन आठवडे हवेत. आपली गुप्त की कोडमध्ये लिहून गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) टाकू नका एवढं मात्र नीट ठसवलं, आमच्यातल्या तिघांच्या सापडल्या होत्या. टेस्टिंग जवळजवळ नाहीच. सर्व्हर लाइव्ह कसा करायचा हे सरांनी स्वतः करून दाखवलं, आमच्याकडून करून घेतलं नाही, आणि बघणं वेगळं, करणं वेगळं. ग्राफक्यूएल आणि जीआरपीसी या एपीआयच्या दुसऱ्या पद्धतींना मिळून एक तास, ते चालतंय. रेकॉर्डिंग देत नाहीत, त्यामुळे एक दिवस चुकला की चुकला, माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात तिसऱ्या आठवड्याचा रविवार गेला तर शेजाऱ्याच्या वहीवरून उतरवून घेतलं. नोट्स इंग्रजीत झेरॉक्स आणि बाजूला सरांचं मराठी अक्षर, ते मात्र कीस पाडून वाचावं इतकं चांगलं. मार्चमध्ये खोली तापते, एसी एकच, आणि लाइट गेली की इन्व्हर्टरवर राउटर आणि दोन पंखे चालतात, बाकी घाम पुसत बसायचं.

नोकरी लावून देतो असं सर म्हणत नाहीत. विचारलं तर सरळ नाही म्हणतात. मला हे आवडलं. आणि अगदी शून्यातून येणाऱ्यांसाठी हा क्लास नाही, लूप, फंक्शन, फाइल वाचणं हे एका तरी भाषेत जमत असेल तरच या. आमच्यातल्या दोघांना तिसऱ्या आठवड्यापासूनच झेपेना, त्यांची चूक नव्हती, प्रवेश देतानाच एक छोटी परीक्षा घ्यायला पाहिजे होती असं मी सरांना बोलले, ते म्हणाले पुढच्या वेळी बघू.

यंदा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्याच कुरिअरची सर्व्हिस दुपारी पाऊण तास बंद पडली. मी खाली पॅकिंगमध्ये होते, मला कळलंही नाही. वर येऊन लॉग बघितला तर ओळीने ५०३, थांबला, परत, परत थांबला, मधल्या दोनदा उत्तरच नाही, मग जुनाच पावती नंबर. ४३ ऑर्डरी, ४३ पावत्या. टेम्पोवाला आला, यादी काकांच्या हातात दिली. काकांनी मोजली, सही केली आणि चहा सांगितला.

पुढची बॅच संक्रांतीनंतर आहे म्हणतात. जाणार असाल तर डिसेंबरमध्येच प्रत्यक्ष जाऊन नाव घाला, फोनवर घेत नाहीत. स्वतःचा लॅपटॉप न्या, तिथले दोन फार जुने आहेत. आणि खिडकीकडच्या बाकावर बसू नका, तिथला प्लग पॉइंट चालत नाही.